इतक्या लांब आलोय तर...

मराठी भाषेतलं सर्वांत धोक्याचं वाक्य कोणतं, असा कुणी सवाल टाकला तर काही लोक 'बघू नंतर'ला मत देतील, काही 'आपल्याला काय त्याचं'ला देतील. लग्न झालेल्यांपैकी बरेचजण 'काही नाही, सहज विचारलं' या वाक्याला प्रचंड बहुमतानं निवडून आणतील. माझं मत 'इतक्या लांब आलोय तर...'ला. या वाक्याची गंमत अशी, की ते आजवर कुणी पुरं केलेलं नाही. 'तर'च्या पुढे काय, हे बोलणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पण ते उच्चारलं रे उच्चारलं की पाय आपोआप पुढे पडायला लागतात, पाकिटं उघडतात आणि डोकी बंद होतात.

घरगुती प्रवासात या वाक्यानं फारसं बिघडत नाही. ऐन पावसाळ्यात महाबळेश्वरला ऑर्थर सीटच्या कठड्याला धरून, समोर पिंजलेल्या कापसासारखं धुकं असताना, 'इथून खाली कोकण दिसतं बरं का' असं मुलांना सांगणारे बाप मी पाहिले आहेत. मुलंही धुक्याकडे आदरानं बघतात. फार तर सर्दी होते. देवस्थानाच्या गावी मुख्य देवाचं दर्शन पाच मिनिटांत उरकतं आणि इतक्या लांब आलोय तर म्हणून भोवतालचे सतरा देव करण्यात दीड दिवस जातो. त्यानं झालं तर पुण्यच होतं. पण हेच वाक्य तोंडात घेऊन माणूस जेव्हा जिवंत ज्वालामुखीच्या काठावर जाऊन उभा राहतो, तेव्हा माझं डोकं फिरतं. हा लेख त्या फिरलेल्या डोक्यानं लिहिलेला आहे, हे आधीच सांगून टाकतो. संपादकांनी नंतर तक्रार करू नये.

ज्वालामुखीशी आपली ओळख तशी जुनी. भूगोलाच्या वहीत लाल पेन्सिलीनं काढलेली, शेंडा उडालेल्या मोदकासारखी ती आकृती आठवते ना? त्याहून जुनी ओळख पायाखालची. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथे लाव्ह्याचे थरावर थर ओतले गेले आणि त्यांच्यावर आपण संसार थाटून बसलो. सिंहगडावर पिठलं-भाकरी खातो ती लाव्ह्यावर बसून, अजिंठ्याची लेणी कोरली ती लाव्ह्यात. पण हा आपला लाव्हा म्हणजे पेन्शनीत निघालेला, सज्जन गृहस्थ. नोकरीत असलेला लाव्हा बघायचा तर आपल्या देशात एकच जागा, अंदमानच्या समुद्रातलं बॅरन बेट. तिथे ना वस्ती ना चहाची टपरी, लांबून बोटीतून बघायचं. ज्या ठिकाणी चहा मिळत नाही ते ठिकाण मराठी पर्यटकाच्या दृष्टीनं अजून शोधलं गेलेलं नाही. म्हणून मग आम्ही जावाला गेलो.

पूर्व जावात ब्रोमो नावाचा ज्वालामुखी आहे. ब्रोमो म्हणजे ब्रह्मा. तिथली माणसं बंगाल्यांसारखा 'अ'चा 'ओ' करतात. तिथे पहाटे तीन वाजता जुन्या, दणकट जिपांची अशी रांग लागते, की क्षणभर आपण लोणावळ्याच्या घाटात अडकलोय असं वाटून बरं वाटतं. काळ्या वाळूचं अफाट मैदान ओलांडलं की अडीचशेच्या आसपास पायऱ्या, आणि वर धुराचं भगदाड. त्या भगदाडाच्या काठावर साक्षात गणपती! लहानसाच, दगडी. आमच्यातल्या एका काकूंनी 'मोरया' म्हणून त्याच्यापुढे राजगिऱ्याची वडी ठेवली. पोटात धगधगती आग घेऊन बसलेल्या डोंगराच्या ओठावर बसायला सगळ्या देवांत हाच तयार झाला असणार, यात मला नवल वाटलं नाही.

या डोंगराभोवती तेंग्गेर लोक राहतात. तेही हिंदूच. त्यांची गोष्ट अशी, की एका निपुत्रिक जोडप्यानं डोंगराला नवस केला. डोंगर म्हणाला, मुलं देतो, पण शेंडेफळ माझं. मुलं झाली पंचवीस! वेळ आली तेव्हा आईबापांचा जीव होईना, डोंगर पेटला आणि धाकटा आत गेला. तेव्हापासून दरवर्षी कसादाच्या उत्सवात लोक काठावरून भाजी, कोंबड्या, पैसे, क्वचित बोकड आत सोडतात. आणि आतल्या उतारावर जाळी घेऊन उभी राहिलेली मंडळी ते मधल्यामधे झेलतात. देवाला वाहिलेलं वाटेतच झेलण्याची ही पद्धत ऐकून मला अगदी घरच्यासारखं वाटलं.

पण तेंग्गेर माणसाचं एक आहे. तो डोंगराला घाबरतो. डोंगर केव्हाही शेंडेफळ मागू शकतो, हे त्याच्या आजीनं त्याला सांगून ठेवलेलं आहे. आपल्याला आपल्या माहितीपत्रकानं सांगितलेलं असतं ते म्हणजे 'सूर्योदय, फोटो, गरम न्याहारी'. २००४ सालच्या जूनमध्ये याच ब्रोमोनं अचानक दगड फेकले आणि दोन माणसं मेली, हे त्या पत्रकात नसतं. २०२३च्या सप्टेंबरात तर एक जोडपं लग्नाआधीचे फोटो काढायला तिथल्या गवताळ टेकड्यांवर गेलं. फोटोत रंग भरावा म्हणून धुराच्या नळकांड्या पेटवल्या, आणि वाळलेल्या गवताला आग लागून सुमारे पाचशे हेक्टर रान जळालं. होम लग्नात करायचा असतो, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं. शेजारी जिवंत ज्वालामुखी धूर ओकतोय, आणि यांना धूर कमी पडला!

खरा तमाशा मात्र इजेनला झाला.

इजेनच्या विवरात एक तळं आहे. रंग मोरपिशी, बघत राहावं असा. पाणी म्हणजे शुद्ध तेजाब. इतकं मोठं आम्लाचं तळं जगात दुसरं नाही. त्याच्या काठाशी जमिनीच्या भेगांतून गंधकाची वाफ बाहेर पडते आणि हवा लागताच पेटते. ती ज्योत निळी असते, रात्रीच दिसते. म्हणून पर्यटकांनी रात्री दोन वाजता चढायला लागायचं. त्यासाठी डॉक्टरचा दाखला लागतो. डॉक्टरांनी माझा रक्तदाब बघितला, माझ्याकडे बघितलं, आणि 'तुमची मर्जी' अशा चेहऱ्यानं शिक्का मारला.

तीन किलोमीटरचा चढ. ज्याला झेपत नाही त्याच्यासाठी ढकलगाडी. तिला तिथे टॅक्सी म्हणतात. गंधक खाली आणायची तीच ही गाडी, जाताना माणसं नेते. आमच्यातले एक बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ तीत बसले. त्यांचं वजन नव्वद किलो. दोघं पुढून ओढत होते, एक मागून ढकलत होता, आणि तिघांच्या तोंडाला फेस आला होता. याच वाटेनं गंधक काढणारा एकटा माणूस सत्तर ते नव्वद किलोच्या दोन करंड्या बांबूला लावून, विवराच्या तळापासून काठापर्यंत खांद्यावर आणतो. खाली वाफेला नळ्या लावून ती थंड करतात, लालभडक रस थिजून पिवळा धोंडा होतो, तो पहारीनं फोडायचा आणि वर वाहायचा. यातलं बरंचसं गंधक साखर पांढरी करायला जातं. (आपल्या कारखान्यांतही उसाच्या रसाला गंधकाची धुरी देतातच. त्या वासानं नाक मुरडणाऱ्या माणसानं चहा कोराच घ्यायला हवा, तोही अगोड.)

काठावर पाटी आहे. पर्यटकांनी खाली विवरात उतरू नये, धोका आहे, असा तिचा मजकूर. पाटी अगदी समजेल अशी आहे. तिच्या शेजारी उभं राहून लोक फोटो काढतात आणि मग खाली उतरतात.

आमचा वाटाड्या तिशीतला. त्याचं नाव सांगत नाही, उगाच त्याचं काम जायचं. पूर्वी स्वतः गंधक वाहायचा, खांद्यावर गाठ होती. वडीलधाऱ्यांना तिथे 'बापाक' म्हणतात, त्याचं हाक मारताना 'पाक' होतं. स्वतःला 'पाक' म्हणवून घेणं बँकवाल्यांना शेवटपर्यंत रुचलं नाही. काठावर पोहोचल्यावर त्यानं विजेरी खाली धुरावर मारली, जरा वेळ बघितलं आणि म्हणाला, "आज वारा चांगला नाही. धूर वाटेवर वळतोय. आज वरूनच बघू या."

त्या आठ दिवसांत आम्ही पाहिलेला एकमेव उद्रेक या वाक्यानंतर झाला.

"म्हणजे काय?" बँकवाले म्हणाले. त्यांनी तिथल्या तिथे, विजेरीच्या उजेडात, हिशेब मांडला. माणशी एकूण खर्च, भागिले दिवस, भागिले ठिकाणं. एक निळी ज्योत सोळा हजाराला पडत होती. आमच्यातले कॅमेरेवाले म्हणाले, "मी भिंग खास यासाठी आणलंय." वडीवाल्या काकू म्हणाल्या, "बाकीचे लोक उतरताहेत की! त्यांना काय जीव नाही?" आणि मग कुणीतरी, अंधारात कोण ते कळलं नाही, ते वाक्य उच्चारलं. "इतक्या लांब आलोय तर..."

मी म्हणालो, "अहो, तो रोज येतो इथे. तो नको म्हणतोय ना?" माझ्याकडे दमेकऱ्याकडे बघावं तसं बघितलं गेलं. बायकोनं 'तुम्हाला जायचं तर जा' असं सांगितलं. या वाक्याचा अर्थ तेहतीस वर्षं संसार केलेल्या माणसाला उलगडून सांगावा लागत नाही.

यापुढे जे झालं ते मात्र मी नीट बघितलं, आणि माझं सगळं भांडण त्याच्याशी आहे. वाटाड्यानं आमच्याबरोबर आलेल्या सहल कंपनीच्या पोराकडे बघितलं. पोरानं मंडळींकडे बघितलं. मंडळींच्या हातात सहल संपल्यावर भरायचा अभिप्रायाचा कागद असणार होता, आणि त्या कागदावर त्या पोराची पुढची सहल. पोरानं परत वाटाड्याकडे बघितलं. वाटाड्याची रोजी त्या पोराच्या हातात. चार मिनिटं कुणी काही बोललं नाही. मग वाटाड्या हसला आणि म्हणाला, "ठीक आहे. हळू उतरू."

वारा तोच होता, धूर तोच होता, डोंगर तोच होता. चार मिनिटांत सुरक्षित झालं काय?

पाचजण उतरले. वरून त्यांच्या विजेऱ्या दिंडीतल्या दिव्यांसारख्या दिसत होत्या. तेवढ्याच वाटेनं करंड्या घेऊन माणसं वर येत होती, आणि फोटोसाठी त्यांना थांबवलं जात होतं. ऐंशी किलो खांद्यावर असताना चालण्यापेक्षा उभं राहणं कठीण, हे ज्यानं कधी गॅसचं सिलिंडर जिन्यावरून चढवलंय त्याला कळेल. मग धूर वळला. अगदी त्यानं सांगितला होता तसाच वळला. विजेऱ्या दिसेनाशा झाल्या, फक्त खोकणं ऐकू येत राहिलं. वीसएक मिनिटं.

सगळे वर आले. काकूंच्या मुखवट्याचा पट्टा तुटला होता, म्हणून वाटाड्यानं आपला काढून त्यांना दिला होता आणि स्वतः ओल्या पंचाचं टोक दातांत धरून त्यांना हाताला धरून आणलं होतं. तो बाजूला जाऊन ओकला. डोळे लाल. तोंड पुसून परत आला आणि कॅमेरेवाल्यांना विचारलं, "पाक, फोटो आला का?"

फोटो आला होता. काळ्यावर एक निळा डाग. आमच्या घरच्या शेगडीची आच मंद करून, दिवे घालवून काढला असता तरी हुबेहूब आला असता. बँकवाल्यांनी तो बघितला आणि म्हणाले, "वसूल!"

यात कुणी मेलं नाही, म्हणून आमच्याकडे हा किस्सा झाला. जिथे मेले तिथे काय झालं होतं? न्यूझीलंडच्या किनाऱ्यापासून ४८ किलोमीटरवर व्हाइट आयलंड आहे, माओरी भाषेत फाकारी. १८ नोव्हेंबर २०१९ रोजी तिथल्या शास्त्रज्ञांनी धोक्याची पायरी एकवरून दोनवर नेली. उद्रेक न होता चढता येईल अशी ती सर्वांत वरची पायरी. सहली चालूच राहिल्या. ९ डिसेंबरला दुपारी दोननंतर विवर फुटलं तेव्हा बेटावर ४७ माणसं होती. २२ मेली. त्यांतले पुष्कळजण मोठ्या प्रवासी जहाजावरून आलेले होते. जहाज बंदरात एक दिवस थांबलेलं, एवढाच दिवस हाताशी. धोका किती आहे हे त्यांना नीट सांगितलं होतं का, यावर पुढे कोर्टकचेऱ्या झाल्या.

लोकांना वाटतं, ज्वालामुखी फुटणार म्हणजे आधी डोंगर गुरगुरणार, लाव्हा सावकाश वाहत येणार, आपण तोवर चहा संपवून निघू. तसं नेहमी होत नाही. जमिनीत मुरलेलं पाणी खालच्या उष्णतेनं तापतं, वरच्या खडकाच्या दाबाखाली कोंडून राहतं, आणि दाब जरा सुटला की एका क्षणात त्याची वाफ होते. नवा लाव्हा वर यावाच लागत नाही, त्यामुळे यंत्रांनाही फारशी चाहूल लागत नाही. कुकरच म्हणा, पण शिट्टी नसलेला. जपानात ओंताके डोंगरावर २७ सप्टेंबर २०१४ला, शनिवारी, शरदातली रंगीत पानं बघायला लोक गेलेले असताना, ऐन जेवणाच्या वेळी असंच झालं. ५८ मेले, ५ सापडलेच नाहीत. त्या दिवशी धोक्याची पायरी एक होती, आणि तिचा अधिकृत अर्थ होता 'नेहमीसारखं'. २०१५ साली जपानी लोकांनी तो शब्द बदलला. आता त्या पायरीवर, हा जिवंत ज्वालामुखी आहे याचं भान ठेवा, अशा अर्थाचे शब्द आहेत. मला हे फार आवडलं. एक शब्द बदलायला माणसं मरावी लागली, पण बदलला तरी!

सुमात्रातल्या मारापीची कथा याहून आपल्या ओळखीची वाटते. विवरापासून तीन किलोमीटरच्या आत जाऊ नका, असं ज्वालामुखीवर लक्ष ठेवणारं खातं सांगत होतं. आणि दुसऱ्या खात्याकडून चढायची परवानगी रीतसर नोंदणी करून मिळत होती. ३ डिसेंबर २०२३ला डोंगर फुटला तेव्हा ७५ जण वर होते. २४ मेले, बहुतेक तरुण पोरं.

यावर आमच्या बँकवाल्यांचं म्हणणं मला पाठ आहे. रस्त्यावर याहून जास्त माणसं मरतात, मग काय रस्ता ओलांडू नये? अहो, ओलांडा ना! पण भर रहदारीत मधोमध उभं राहून 'इतक्या लांब आलोय तर एक फोटो' असं कुणी म्हणालं तर त्याला आपण काय म्हणतो? दुसरं म्हणणं, मग बंद करा सगळं. तेही मला मान्य नाही. बंद केलं तर त्या वाटाड्याला परत करंड्या उचलाव्या लागतील. आणि माणसाला ज्वालामुखी बघावासा वाटतो, तो वाटणारच. इसवी सन ७९मध्ये व्हेसुव्हियस फुटला तेव्हा थोरले प्लिनी कुतूहलानं बोट काढून निघाले, मग लोकांना वाचवायला म्हणून पुढे गेले आणि किनाऱ्यावर मेले. त्यांनी भाच्याला 'येतोस का' विचारलं होतं. भाचा म्हणाला, मला अभ्यास आहे. भाचा वाचला, आणि त्यानं लिहून ठेवलेल्या हकिगतीवरून आजही तशा उद्रेकांना प्लिनीचं नाव देतात. (घराघरांतल्या आयांनी ही गोष्ट परीक्षेच्या दिवसांत वापरायला माझी हरकत नाही.) त्याच व्हेसुव्हियसवर १८८० साली पर्यटकांसाठी दोरखंडानं ओढायची रेल्वे झाली. १९४४च्या उद्रेकात ती गेली. तेव्हा हौस काही आजची नाही.

पण थोरल्या प्लिनीनं जीव घातला तो स्वतःचा, आणि मागे धोक्यात सापडलेली माणसं होती. इजेनला उतरणाऱ्या पाचजणांनी पणाला लावला तो त्या वाटाड्याचा, आणि मागे होता अभिप्रायाचा कागद. 'नको' म्हणायची अक्कल ज्याला आहे, त्याच्या 'नको'ला आपण दंड लावून ठेवलाय. तो 'नको' म्हणाला की बक्षिसी गेली, पुढची सहल गेली, शेजारचा दुसरा वाटाड्या 'चला' म्हणायला तयार. मग तो हसून 'हळू उतरू' म्हणतो, आणि आपण घरी येऊन सांगतो, तिथली माणसं फार हसरी हो! धाडस करायचंय ना? मग घरून निघतानाच मनाशी ठरवा, की सोळा हजार गेले. काठावरून परत फिरायला लागलं तरी वाटाड्याला पुरते पैसे, वर बक्षिसी, वर अभिप्रायाच्या कागदावर 'उत्तम'. एवढं एका मध्यमवर्गीय माणसाला जमलं, तर तळाशी उतरण्यापेक्षा ते मोठं धाडस आहे, हे मी स्वतः मध्यमवर्गीय असल्यामुळे खात्रीनं सांगतो.

परत आल्यावर मी सहल कंपनीला सविस्तर पत्र लिहिलं. वाटाड्याला 'नको' म्हणायचा हक्क असावा, तसं झाल्यास त्याची रोजी कापू नये, आणि हे माहितीपत्रकात ठळक छापावं, असं सुचवलं. पंधरा दिवसांनी उत्तर आलं. पत्राबद्दल आभार मानून त्यांनी सोबत पुढच्या वर्षीचं माहितीपत्रक जोडलं होतं. पान सातवर, ठळक अक्षरांत: 'इजेन: निळ्या ज्योतीचं हमखास दर्शन'. फोटो कॅमेरेवाल्यांचा होता.